प्रोस्टेटच्या शस्त्रक्रियेसाठी अनुभवी युरोलॉजिस्ट कसा निवडावा? (मुंबई)

नमस्कार. आम्ही मुलुंडला राहतो. वडील ७४ वर्षांचे आहेत. मध्यंतरी त्यांची लघवी अचानक पूर्णपणे अडली आणि तेव्हापासून त्यांना कॅथेटर (लघवीची नळी) लावलेला आहे. टॅम्सुलोसिन (लघवीची वाट सैल करणारी गोळी) चालू ठेवून नळी एकदा काढून पाहिली, पण लघवी पुन्हा तुंबल्यामुळे ती परत घालावी लागली. सोनोग्राफीत प्रोस्टेट ग्रंथी ९५ ग्रॅमची दिसते. पीएसए (प्रोस्टेटसाठीची रक्तचाचणी) वाढलेला आहे. मात्र संसर्ग किंवा नळी असताना तो तसाही वाढू शकतो, म्हणून तो काही आठवड्यांनी पुन्हा तपासायचा आहे.

आता शस्त्रक्रिया अटळ आहे, पण दोन तज्ज्ञांची मते वेगळी पडली आहेत. पहिल्यांनी रिपोर्ट पाहताच टीयूआरपी (मूत्रमार्गातून दुर्बिणीने प्रोस्टेट खरवडून काढण्याची शस्त्रक्रिया) सुचवली. दुसऱ्यांनी आधी गोळ्यांची यादी मागितली, हृदयात स्टेंट कधी बसवला आणि क्लोपिडोग्रेल (रक्त पातळ करणारी गोळी) कोणी चालू ठेवायला सांगितले हे विचारले, आणि मगच होलेपचा, म्हणजे प्रोस्टेटचा वाढलेला भाग लेझरने सोलून काढण्याच्या शस्त्रक्रियेचा विषय काढला. एवढ्या मोठ्या ग्रंथीत होलेपला रक्तस्राव कमी होतो असे ते म्हणाले. माझा कल साहजिकच त्यांच्याकडे आहे. परंतु होलेप शिकायला अवघड समजली जाते आणि हात पुरता बसेपर्यंत शल्यविशारदाला बऱ्याच शस्त्रक्रिया कराव्या लागतात, त्यामुळे रुग्णालयाच्या नावापेक्षा प्रत्यक्ष शस्त्रक्रिया कोण करणार, हाच माझ्या लेखी खरा प्रश्न आहे.

एम.एस.नंतरची एम.सीएच. किंवा डीएनबी युरोलॉजी ही पदवी आणि महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलची नोंदणी मी पाहिली; ती दोघांकडेही आहे, म्हणजे निवड करायला तिचा उपयोग नाही. इंटरनेटवरचे तारे तर बहुधा पार्किंग आणि रिसेप्शनवरील वागणुकीलाच दिलेले असतात.

तेव्हा जाणकारांना विचारायचे आहे की, "आपण स्वतः अशा किती केसेस केल्या आहेत, आणि त्यांपैकी किती रुग्णांना नंतर लघवीवर ताबा राहिला नाही?" हे डॉक्टरांना अवमान न वाटता कसे विचारावे? लेझरचे यंत्र रुग्णालयाचे स्वतःचे आहे की त्या दिवसापुरते भाड्याने येते, याने फरक पडतो का? केईएम, सायन किंवा नायर या महापालिकेच्या रुग्णालयांत दाखवल्यास शस्त्रक्रिया वरिष्ठ करतात की त्यांच्या देखरेखीखाली निवासी डॉक्टर, आणि तारीख साधारण किती दिवसांनी मिळते?

वडील लघवीची बॅग कापडी पिशवीत झाकून नेतात आणि लोकलच्या गर्दीत नळी ओढली जाईल या धास्तीने घराबाहेर पडायलाच तयार नसतात. त्यामुळे ठाणे ते दादर या पट्ट्यातील डॉक्टर असल्यास बरे. नाव सुचवताना रुग्णाची ग्रंथी किती मोठी होती, रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू होत्या का आणि शस्त्रक्रियेनंतर नळी कधी निघाली, एवढे कृपया अवश्य लिहावे.