कोर्नासची सिरा उघडली आणि उकडलेल्या अंड्याचा वास आला. बाटली गेली का?

खडूस_खवय्या:
कोर्नास (फ्रान्समधल्या ऱ्होन नदीकाठची, सिरा द्राक्षाची रेड वाइन), 2020. बाटली आडवी, थंड जागी ठेवलेली. बूच शाबूत, कुठे गळती नाही. ओतल्या ओतल्या उकडलेलं अंडं, मागून जळक्या रबराचा वास. चव तुरट, फळ दबलेलं. ओतून द्यावी का? आणखी एक: या वाइनमधला काळ्या मिरीचा वास नाशिकच्या शिराझमध्ये (सिराचंच दुसरं नाव) इतका का लागत नाही?

पंचपात्र:
ओतू नका. हा हायड्रोजन सल्फाइडचा वास आहे आणि सिरा त्याबाबतीत बदनामच आहे. रसात नायट्रोजन कमी पडला की यीस्टकडे तयार झालेलं सल्फाइड वापरलं जात नाही, ते वाइनमध्येच सुटतं. पुढे हवा कमी मिळाली की तिथेच मुरतं.

खात्री करायची तर देवघरातली तांब्याची पळी घ्या. चिंचेने घासा, स्वच्छ धुवा, कोरडी करा (चिंचेचा अंश राहिला तर परीक्षा पळीचीच होईल). दोन ग्लासांत 50-50 मिली ओतून एकात पळीने अर्धा मिनिट ढवळा आणि दोन्हींचा वास घ्या. पळीच्या ग्लासातला अंड्याचा वास गेला तर निदान पक्कं. तो ग्लास मात्र पिऊ नका. आंबट वाइनमध्ये तांबं उतरतं. उरलेली वाइन काचेच्या दोन जगांत चहा वरखाली करतात तशी चार-पाच वेळा ओता आणि दोन तास उघडी ठेवा.

रबराचा वास हट्टी असतो. सल्फरची संयुगं डायसल्फाइडपर्यंत पोचली असतील तर तांब्यालाही दाद देत नाहीत.

बूचवाला:
वर लिहिलंय ते बरोबर, पण दोन वास यात मिसळू नका. ओला पुठ्ठा, दमट तळघर म्हणजे बुचाचा दोष. हवेने जात नाही, उलट जास्तच जाणवतो. घोड्याचा तबेला किंवा बँडेजपट्टी म्हणजे ब्रेटॅनोमायसिस यीस्ट. तेही पळीने हटत नाही.

तापमानही बघा. आपल्याकडची 30 अंशांची ‘रूम टेंपरेचर’ म्हणजे अल्कोहोल नाकात. 16-17 अंश हवं. अर्धा बर्फ, अर्धं पाणी, मूठभर मीठ. त्यात दहा-बारा मिनिटं पुरतात.

उतारावरची_वेल:
मिरीबद्दल. तो वास रोटंडोन नावाच्या रेणूचा, काळ्या मिरीत असतो तोच. सिरामधला त्याचा वाटा ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनी 2008 मध्ये दाखवला. लिटरमागे काही नॅनोग्रॅम पुरतात, पण साधारण पाचातल्या एकाला तो जाणवतच नाही. तेव्हा शेजाऱ्याला मिरी लागते आणि तुम्हाला नाही, यात कुणी खोटं बोलत नसतं.

रोटंडोन थंड जागी आणि थंड वर्षी जास्त तयार होतो. नाशिकला सप्टेंबर-ऑक्टोबरच्या छाटणीचा माल साधारण जानेवारी ते मार्चमध्ये येतो आणि शेवटी ऊन चढतं. तिथे फळ पुढे, मिरी मागे. खरं तर उत्तर ऱ्होनमध्येही कोर्नास उबदारच. व्हॅलेन्ससमोर, नदीच्या उजव्या काठावर ग्रॅनाइटचे उभे उतार, दक्षिणेकडे तोंड, मिस्ट्रल वाऱ्यापासून आडोसा. म्हणून काढणी लवकर आणि टॅनिन (तोंडात तुरटपणा आणणारा घटक) दणकट. इथे सिराशिवाय दुसरं द्राक्ष चालत नाही. उत्तर ऱ्होनमधल्याच कोत-रोतीत मात्र 20 टक्क्यांपर्यंत व्हियोनिए हे पांढरं द्राक्ष सिरासोबतच आंबवता येतं. वास फुलांकडे झुकतो. कोर्नासमध्ये ती सवलत नाही आणि टॅनिन दणकट, म्हणून 2020 आत्ता उघडणं घाईचंच. असल्या बाटलीला आठ-दहा वर्षं द्यावीत.

खडूस_खवय्या:
पळी चालली. अंडं गेलं, रबर थोडं आहे. सोबत तांबडा रस्सा चालेल?

बूचवाला:
नको. तिखटाने टॅनिन आणि अल्कोहोल दोन्ही बोचतात. मिरी जास्त आणि मिरची नावाला, असं सुकं मटण करा. रबर दोन तासांनी पुन्हा हुंगा.

उतारावरची_वेल:
आणि ‘शिराझ म्हणजे इराणच्या शिराझचं द्राक्ष’ हे जेवताना कुणी सांगेलच. डीएनए तपासणीत आई-बाप निघाले मोंद्यूझ ब्लांश आणि द्युरेझा, दोन्ही आग्नेय फ्रान्सचे.