गिल्ड वॉर्स २: नेक्रोमान्सर घेऊ की एलिमेंटलिस्ट? फ्री अकाउंट आहे, कॅरेक्टरचे स्लॉट दोनच

भांडुप_पश्चिम

नमस्कार मंडळी, गिल्ड वॉर्स २ या ऑनलाइन गेममध्ये चार दिवस झाले मी कॅरेक्टर बनवायच्या स्क्रीनवरच अडकून बसलेय, प्लीज कोणीतरी मार्गी लावा.

धाकटा भाऊ शिकायला जर्मनीला गेलाय. तो हा गेम कॉलेजपासून खेळतोय, इथे होता तेव्हा मी नुसती शेजारी बसून बघायचे. आता तिकडे गेल्यापासून फोनवर बोलणं म्हणजे जेवलास का, थंडी किती आहे, आईला देऊ का, एवढ्यावर संपतं. म्हणून त्यानेच सुचवलं की ताई तूपण ये, आठवड्यातनं दोन-तीन दिवस एकत्र खेळू, हाताला काम असलं की बोलणं आपोआप होतं. मला ते पटलं.

आता अडचण अशी की तो म्हणतो नेक्रोमान्सर घे (मेलेल्यांना कामाला लावणारा जादूगार), नवीन माणसासाठी तोच बरा, लवकर मरत नाही. पण मला मनापासून आवडतो तो एलिमेंटलिस्ट, तो खेळायचा तेव्हा त्याच्या ग्रुपमधली एक मुलगी एका क्षणी आग आणि दुसऱ्या क्षणी पाणी अशी काय सुंदर फिरवायची, ते डोळ्यासमोरनं जातच नाही. व्हिडिओ बघितले तर तिथे सगळे टियर लिस्ट (कोण किती भारी याची क्रमवारी) घेऊन बसलेत आणि प्रत्येकाची लिस्ट वेगळी. आणि एकदा निवडलं की प्रोफेशन, म्हणजे कॅरेक्टरचा हा प्रकार, बदलता येत नाही म्हणे.

माझी परिस्थिती सांगते. ऑफिस बीकेसीला, घरी पोचेपर्यंत साडेआठ, जेवण आवरून नऊ ते अकरा माझे. वन रूम किचन आहे, आई तिथेच असते, मधेच हाक मारते, कधी दाराची बेल वाजते, आणि हा गेम पॉज होत नाही. लॅपटॉप जुना आहे, माऊस नवीन घेतला. भाऊ गार्डियन खेळतो, साथीदारांना सांभाळणारा योद्धा. काय घेऊ?

कुर्ला_स्लो

ताई, आधी टेन्शन कमी करतो. प्रोफेशन बदलता येत नाही हे खरं, पण कॅरेक्टर डिलीट करून स्लॉट मोकळा करता येतो, त्यामुळे दोन स्लॉट म्हणजे दोनच संधी असं काही नाही. सुरुवातीचं ट्युटोरियल अर्ध्या तासात होतं, आज एक बनवा, उद्या दुसरं, नाही आवडलं तर उडवा. रेव्हेनंट तेवढा फ्री अकाउंटवर मिळत नाही, बाकी आठही मिळतात.

आता माझं मत, तुमचा भाऊ बरोबर बोलतोय. ८० लेव्हलला, अंगावर कपडे-दागिन्यांचा काही बोनस नसताना, नेक्रोमान्सरचं हेल्थ असतं १९,२१२ आणि एलिमेंटलिस्टचं ११,६४५. वर नेक्रोकडे डेथ श्राउड असतो, म्हणजे आजूबाजूला शत्रू मेले की लाइफ फोर्स जमा होतो आणि तुम्ही श्राउडमध्ये गेलात की मार त्या लाइफ फोर्सवर बसतो, खरं हेल्थ शाबूत. जवळपास दुसरा जीवच. आणि मिनियन! हाडामांसाचे पाच-सहा जण पुढे सोडायचे, ते मार खातात आणि तुम्ही मागे. आईने हाक मारली, दोन मिनिटं उठून गेलात, तरी परत येईपर्यंत बऱ्याच वेळा काम झालेलं असतं, मी स्वतः दूध उतू जाताना असाच उठलोय आणि परत येऊन बघितलं तर अस्वल मेलेलं.

मी सात वर्षं नेक्रोच खेळतोय, कंटाळा आला नाही. मोठ्या बॉसला मिनियन पटापट मरतात आणि नेक्रो पळण्यात ढिला आहे, एवढं मात्र मान्य करतो.

घाटकोपर_ईस्ट

मी थोडं वेगळं सांगते, राग मानू नका कोणी.

अगं, तुला जे चार दिवस डोळ्यासमोरनं हलत नाहीये तेच घे. नेक्रो चांगलाच आहे, पण रात्री दमून आल्यावर लॅपटॉप उघडावासा वाटला पाहिजे ना, "सेफ आहे" म्हणून घेतलेला क्लास (म्हणजे प्रोफेशनच) मी दोनदा घेतला आणि दोन्ही वेळा वीस लेव्हलच्या आत सोडला. मग एलिमेंटलिस्ट घेतला, सुरुवातीला खूप मेले, पण सोडला नाही.

एलिमेंटलिस्टला घाबरतात ते त्या वीस स्किलना. शस्त्राची पाच स्किल, आणि आग, पाणी, हवा, माती अशा चार अवस्था, प्रत्येकीत ती पाच बदलतात. पण पहिल्याच दिवशी वीस पाठ करायची कोणी सांगितली? आधी फक्त आगीत राहा. हेल्थ अर्ध्यावर आलं की पाण्यात जा, एवढी एकच सवय लाव. आठवड्याने हवा घे, माती सगळ्यात शेवटी. अजून एक, लढाई चालू असताना एलिमेंटलिस्टला शस्त्र बदलता येत नाही, म्हणून आधीच ठरवून बाहेर पड. तुला मी स्टाफ, म्हणजे जादूची लांब काठी, सांगेन, लांबनं मारता येतं.

आणि मरायचं मुख्य कारण कमी हेल्थ नसतं ग, एका जागी उभं राहणं असतं. डॉज, म्हणजे फटका चुकवायची कोलांटी, दोनदा मारता येतो, मग एनर्जी भरायला वेळ लागतो, नवीन लोक दोन्ही डॉज लढाई सुरू होताच उडवतात आणि खरा फटका येतो तेव्हा हात रिकामे. जमिनीवर लाल गोल दिसला की आधी चालत बाहेर ये, डॉज राखून ठेव.

आता मला वाटतं तुझ्यासाठी महत्त्वाचं काय ते. भाऊ गार्डियन आहे ना? मग तू एकटी खेळणार असशील त्या हिशोबाने क्लास निवडूच नकोस. या गेममध्ये कॉम्बो आहे. स्टाफवर आगीतलं दुसरं स्किल लाव्हा फॉन्ट, ते जमिनीवर आगीचं फील्ड करतं. गार्डियनने हॅमर घेतला तर त्याचं दुसरं स्किल मायटी ब्लो, तो ब्लास्ट फिनिशर आहे, म्हणजे फील्डमध्ये आपटला की कॉम्बो पुरा होतो. तुझ्या आगीत उभं राहून त्याने तो आपटला की जवळच्या सगळ्यांना माइट मिळतं, मार वाढतो. हेच पाण्यात कर, गीझर किंवा हीलिंग रेन टाक, त्याने त्यात हॅमर आपटला की सगळ्यांना हील. म्हणजे तू "टाकते", तो "आपटतो". यासाठी बोलावंच लागतं एकमेकांशी, "आता टाकू?" "थांब, थांब, हां आता!" आम्ही नवरा-बायको गेली कित्येक वर्षं हेच करतोय.

शिवाय गार्डियनचा तिसरा व्हर्च्यू (त्याची खास शक्ती), करेज, तो वापरला की जवळच्यांना एजिस मिळतो, येणारा पुढचा फटका अडवला जातो. तुझं हेल्थ कमी आहे ना, तर ते सांभाळायला तो आहे की. राहू दे त्याला थोडं काम.

ठाणे_खाडी

क्लासच्या आधी एक गोष्ट चेक करा, कोणीच बोललं नाही. सर्व्हर दोनच भागांत आहेत, नॉर्थ अमेरिका आणि युरोप, आणि इकडचे तिकडच्यांबरोबर खेळू शकत नाहीत. भावाचं अकाउंट कॉलेजच्या काळात मुंबईत बनवलेलं आहे, त्यामुळे तो युरोपातच असेल असं गृहीत धरू नका, विचारून घ्या. माझ्या मित्राने आणि मी हीच चूक केली होती, दहा दिवस खेळल्यावर कळलं की दोघं वेगवेगळ्या जगात आहोत.

युरोप असेल तर बरंच, इथनं मला दीडशे मिलिसेकंदांच्या आसपास पिंग (सर्व्हरपर्यंत जाऊन यायला लागणारा वेळ) मिळतो, अमेरिकेला त्याहून बराच जास्त. दीडशेला एलिमेंटलिस्ट आरामात होतो, फक्त डॉज अंमळ आधी मारायची सवय लावा. वायफायपेक्षा राउटरमधनं केबल ओढा, आकडा कमी होण्यापेक्षा तो एकसारखा राहणं महत्त्वाचं, नाहीतर पावसाळ्यात अर्धा वेळ कॅरेक्टर धावतच राहतं आणि तुम्हाला कळतपण नाही की मेलात.

लॅपटॉप जुना आहे म्हणालात, ग्राफिक्समध्ये कॅरेक्टर मॉडेल लिमिट (एका वेळी किती लोक दिसावेत ते) एकदम खाली ठेवा. मोठ्या बॉसला पन्नास-पन्नास लोक जमतात, मशीन तिथेच बसतं.

टियर लिस्टचं म्हणाल तर त्यातले बहुतेक आकडे न हलणाऱ्या गोलेमला (सरावाचा पुतळा), पूर्ण तयारीनिशी, पाठ केलेल्या क्रमाने मारून काढलेले असतात. तुम्ही क्वीन्सडेलमध्ये, म्हणजे नवीन लोकांच्या सुरुवातीच्या भागात, रानडुकरं मारणार आहात, त्या लिस्टचा तुमच्याशी काही संबंध नाही. आणि रेसने, म्हणजे कॅरेक्टरच्या वंशाने, लढाईत जवळजवळ फरक पडत नाही, दिसायला आवडेल ती घ्या.

भांडुप_पश्चिम

बापरे, इतकं कोणी लिहील असं वाटलं नव्हतं, मनापासून आभार सगळ्यांचे. भाऊ युरोपातच आहे, विचारलं. एक शंका, तो ८० लेव्हलचा आहे आणि मी एकची, मग एकत्र खेळून काय उपयोग? तो एका फटक्यात सगळं मारून टाकेल ना?

कुर्ला_स्लो

नाही ताई, हीच तर या गेमची चांगली गोष्ट. तो तुमच्या भागात आला की गेम त्याची लेव्हल आपोआप खाली आणतो. तरी तो तुमच्यापेक्षा भारी राहणारच, चांगले कपडे आहेत, सगळी स्किल आहेत, पण तुम्हाला करायला काही उरणार नाही असं होत नाही. फ्री अकाउंटला दहा लेव्हलपर्यंत सुरुवातीचा भाग सोडता येत नाही, तेवढं करा आधी.

आणि घाटकोपरवाल्या ताईंचं कॉम्बोचं वाचून मला माझं मत थोडं बदलावं लागेल, मी एकट्याने खेळणाऱ्याच्या नजरेने लिहिलं होतं. तरी एक सांगतो, स्लॉट दोन आहेत. एक एलिमेंटलिस्ट भावाबरोबर, आणि एक नेक्रो ज्या दिवशी त्याला सवड नाही आणि आई सारखी हाक मारतेय त्या दिवसासाठी. दोन्ही ठेवा.

भांडुप_पश्चिम

नऊ दिवसांनी लिहितेय.

दोन्ही बनवले. नेक्रो बुधवारी एकटीने खेळले, खरंच निवांत, मधे कुकरच्या शिट्ट्या मोजून आले तरी काही झालं नाही. पण शनिवारी भावाबरोबर एलिमेंटलिस्ट घेऊन बसले आणि वेळ कसा गेला ते समजलंच नाही. अकरा वेळा मेले, मोजलंय त्याने. पडल्यावर तोच येऊन उठवत होता, आणि एकदा तो पडला तेव्हा मी उठवलं, लाल गोलात उभी राहून, तेव्हा जो काही ओरडला तो हेडफोनमधनं आईलापण ऐकू गेलं. त्याने माझ्यासाठी हॅमर काढला बँकेतनं. पहिल्या चार-पाच वेळा जमलं नाही, मी टाकायचे तेव्हा तो लांब असायचा, नंतर आमचं ठरलं की मी "हं" म्हटलं की त्याने उडी घ्यायची. पाण्यातलं एकदा बरोबर बसलं आणि दोघांचं हेल्थ झपकन वर गेलं.

मधल्या वेळात तो सहज बोलून गेला की तिकडे पहिल्या सेमिस्टरला एका विषयात नापास झाला होता. फोनवर कधी बोलला नसता हे. मी काही विचारलं नाही, पुढचं रानडुक्कर मारलं, मग तोच सांगत बसला.

आता तो म्हणतो येत्या शनिवारी शॅडो बेहेमथ या मोठ्या बॉसला जाऊ, रात्री सव्वाअकराचा, तिकडे तेव्हा पावणेआठ. माझी लेव्हल तेरा आहे. जमेल का? स्टाफ घेऊन उभं कुठे राहायचं?

घाटकोपर_ईस्ट

जमेल ग, आरामात. तो क्वीन्सडेलमध्येच आहे, गॉड्सलॉस्ट स्वॉम्पला, तुला कुठे लांब जायला नको. अकराला पोच, कारण बॉस यायच्या आधी दलदलीत पोर्टल उघडतात, ती सगळ्यांनी मिळून बंद करायची असतात, तिथे तुझा लाव्हा फॉन्ट मस्त चालतो. बॉस आल्यावरपण मधेमधे पोर्टल येतात आणि ती उघडी असेपर्यंत त्याला मार लागतच नाही, तेव्हा नवीन लोक बॉसलाच मारत बसतात, तू सरळ पोर्टलकडे पळ.

उभी राहा जितकं लांब राहता येईल तितकी, कडेला. भावाला सांग पुढे जाऊन फार मिरवायचं नाही, हॅमर घेऊन तुझ्या आगीच्या जवळपास राहायचं.

ठाणे_खाडी

कॅरेक्टर मॉडेल लिमिट खाली केलंत ना? शनिवारी तिथे खूप गर्दी असते.

भांडुप_पश्चिम

केलं. केबलपण ओढली, आईने दाराच्या चौकटीला खिळे ठोकून दिले.