गाडीला घरीच मडफ्लॅप बसवायचे आहेत, पावसाआधी सल्ला हवा

कुळागरवाट:
नमस्कार मंडळी. आमचं घर वाळपईजवळ. शेवटचा दीड किलोमीटर रस्ता कुळागरांमधून, म्हणजे सुपारी-नारळाच्या बागांमधून जातो, सगळा तांबड्या मातीचा. कामासाठी रोज पणजीला जा-ये. गाडी वॅगनआर, 4 वर्षांची, घेतली तेव्हा मडफ्लॅप, म्हणजे चाकामागे चिखल अडवणारे पडदे, लावले नव्हते. गेल्या पावसात पुढच्या चाकांमागचा भाग पार दाराच्या कडीपर्यंत लाल व्हायचा. ते धुऊन जातं हो, पण दाराखालच्या पट्टीवर आता हात फिरवला की खरखरीत लागतं. जांभ्याची बारीक खडी बसून बसून रंग टोचला गेलाय. शिवाय आई उतरते तेव्हा तिच्या निऱ्या नेमक्या त्या पट्टीला घासतात, आणि त्या मातीचा डाग किती चिवट ते इथल्या माणसांना सांगायला नको.

पुरुमेंताची (पावसाळ्याच्या साठवणीची) खरेदी उरकली, आता मिरग (मृग नक्षत्र) लागायच्या आत हे काम करायचंय. एका दुकानात विचारलं तर म्हणाले, ड्रिल मारून पंधरा मिनिटांत लावून देतो. ड्रिल ऐकलं आणि परत आले. घरी जमेल का? जॅक, नटांचा पाना आणि एक बरा स्क्रूड्रायव्हर आहे. युनिव्हर्सल, म्हणजे कुठल्याही गाडीला चालणारे घेऊ, की माझ्या गाडीच्या मॉडेलचेच?

खारवारा:
ताई, परत आलात ते फार चांगलं केलंत. मी मुरगावात राहतो, समुद्र हाकेच्या अंतरावर. आधीच्या गाडीला असेच भोकं पाडून लावून घेतले होते. दुसऱ्या पावसात स्क्रूभोवतीचा रंग फुगला, नखाने टोकरला तर पापुद्राच हातात आला आणि खाली पत्रा तपकिरी. भोकाच्या कडेला रंग उरत नाही, फ्लॅपमागे ओला चिखल दिवसेंदिवस बसून राहतो, वर आमची खारी हवा. गंजाला आणखी काय लागतं? मॉडेलचेच घ्या. त्यांची भोकं गाडीतल्या मूळ स्क्रूंच्या जागी येतात.

घाटवाट:
नक्की जमेल. मी चोर्ल्याच्या वाटेवरचा, तीन गाड्यांना स्वतः लावलेत.

आधी चाकांच्या कमानी धुऊन पूर्ण वाळवा. घाईत हेच राहतं आणि पुढे तेच नडतं, कारण फ्लॅप आणि रंग यांच्यामध्ये अडकलेली माती गाडी हलेल तशी पॉलिश पेपरसारखी घासत राहते. फ्लॅपची कड जिथे रंगाला टेकते तिथे पारदर्शक संरक्षक फिल्मची बोटभर पट्टी लावा.

पुढच्या चाकांसाठी जॅक लागतच नाही. उजवीकडचा लावताना स्टिअरिंग पूर्ण उजवीकडे फिरवा, चाकाची मागची बाजू आत जाते आणि हात घालायला जागा होते. डावीकडे उलट. कमानीच्या आत काळं प्लास्टिक असतं, त्याच्या कडेचे स्क्रू काढायचे, फ्लॅप धरायचा, तेच किंवा पाकिटातले लांब स्क्रू परत लावायचे. सगळे आधी अर्धवट लावा, फ्लॅप सरळ करा, मग एकेक आवळा. ड्रिल मशीनने आवळू नका. प्लास्टिकचे आटे एकदा गेले की स्क्रू नुसता गरगर फिरतो. फ्लॅपच्या मागे एलएच म्हणजे डावा, आरएच म्हणजे उजवा, हे बघून चारही आधी जमिनीवर मांडून ठेवा.

मडगांवकार:
युनिव्हर्सल सरसकट वाईट नाहीत, मॉडेलचे मिळतच नसतील तर कापून बसवता येतात. पण बहुतेक लोक कापत नाहीत, लांब ठेवतात. मग रिव्हर्स घेताना कट्ट्यावर दुमडून चाकाखाली येतात आणि स्क्रूसकट बंपरची कड ओढून काढतात. माझ्या भावाच्या गाडीचं तसंच झालं.

कुळागरवाट:
सगळ्यांचे आभार, मॉडेलचेच आणलेत. मागच्या चाकांचं काय? ती तर वळत नाहीत.

घाटवाट:
आखूड स्क्रूड्रायव्हर असेल तर बऱ्याच गाड्यांत चाक न काढता होतं. हात पोचतच नसेल तर चाक काढा. हँडब्रेक, पहिला गिअर, पुढच्या चाकांना दोन्ही बाजूंनी दगड. नट गाडी जमिनीवर असतानाच थोडे सैल करा. तुमच्या अंगणात माती असेल तर जॅकखाली जाड सपाट फळी घाला, नाहीतर तो रुततो आणि तिरका होतो. काढलेलं चाक दाराच्या पट्टीखाली आडवं सरकवून ठेवा. नुसत्या जॅकवरच्या गाडीखाली डोकं किंवा हात घालायचा नाही, यात मी कुणाचंच ऐकत नाही. चाक परत बसवताना नट समोरासमोरचे आवळत जा आणि शेवटचा जोर गाडी खाली उतरवून लावा.

खारवारा:
एक भर. मूळ स्क्रू गंजले असतील तर स्टेनलेस स्टीलचे घ्या, पण जुना एक दुकानात घेऊन जाऊन जाडी-लांबी जुळवूनच. आणि झाल्यावर स्टिअरिंग या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवून बघा. मागे माणसं बसवूनही बघा, गाडी दबली की अंतर बदलतं.

कुळागरवाट:
चवथीची साफसफाई चाललीय, पण इथे सांगायचं राहून गेलं होतं म्हणून आले. काम जूनच्या पहिल्या रविवारी केलं. पुढचे दोन अर्ध्या तासात झाले, मागच्या दोहोंना दुपार गेली. उजवीकडचा एक स्क्रू गंजून धरला होता, त्यावर गंज सोडवायचा स्प्रे मारून जेवायला गेले, परत आल्यावर सुटला. खारवारा, तुम्ही म्हणालात तसं आई-बाबांना मागे बसवून अंगणात चक्कर मारली. डावीकडचा पुढचा फ्लॅप पूर्ण वळणावर टायरला पुसटसा लागत होता, खरर्र असा आवाज. स्क्रू सैल करून बोटभर बाहेर ओढला, थांबला.

अडीच महिने पाऊस झोडपतोय. लाल पट्टा आता दाराच्या खालच्या कडेलाच थांबतो. दर रविवारी फ्लॅपच्या मागे पाइपने पाणी मारते, दरवेळी मूठभर माती निघते. आणि परवा माटोळीचं (गणपतीवर टांगायच्या फळा-फुलांच्या सजावटीचं) सामान घेऊन आलो तेव्हा आई उतरली, निऱ्या कोरड्या नि स्वच्छ. तिनेच वाकून पट्टीवरून बोट फिरवलं आणि मला दाखवलं.