अरेते : 'सद्गुण' की नुसता 'गुण'?

प्रश्न असा आला आहे : 'सद्गुण म्हणजे ज्ञान' हे सॉक्रेटिसचं मत म्हणून मराठी पुस्तकांत हमखास वाचायला मिळतं. ते पटत नाही. खोटं बोलू नये हे ठाऊक असूनही माणूस खोटं बोलतोच. मूळ ग्रीक शब्द कोणता, आणि 'सद्गुण' त्याला नीट बसतो का?

मूळ शब्द 'अरेते'. माझं मत आधीच सांगतो : 'सद्गुण' बसत नाही, आणि त्यामुळे मराठी वाचकाचं खरंच नुकसान झालं आहे. सद्गुण म्हटलं की सत्य, दया, क्षमा, शांती डोळ्यांसमोर येतात. ग्रीक माणसाच्या कानाला 'अरेते' असा ऐकूच येत नव्हता. होमरच्या 'इलियड'च्या तेविसाव्या सर्गात रथांच्या शर्यतीआधी अकिलीस सांगतो की माझे घोडे अरेतेत इतरांपेक्षा सरस आहेत. आता घोड्याचा 'सद्गुण' कोणता म्हणायचा?

'रिपब्लिक'च्या पहिल्या पुस्तकाच्या शेवटी प्लेटोने ही गाठ फार सुंदर सोडवली आहे. तिथे सॉक्रेटिस त्याच्याशी वाद घालणाऱ्या थ्रॅसिमॅकसला विचारतो, घोड्याचं ठरलेलं काम असतं ना? डोळ्याचं? कानाचं? द्राक्षवेलीची फांदी खंजिरानेही छाटता येईल, पण छाटणीसाठीच घडवलेल्या कोयतीने जशी छाटली जाईल तशी नाही. जे काम ती वस्तूच करू शकते, किंवा तिच्याइतकं चांगलं दुसरं कोणी करत नाही, ते तिचं काम. आणि ते काम जिच्यामुळे उत्तम होतं ती तिची अरेते.

घोडा, डोळा, पातं. ही उदाहरणं वाचताना मला दर वेळी आपला एक शब्द आठवतो : पाणी. पाणीदार घोडा, पाणीदार डोळे, तलवारीचं पाणी. माणसाचंही पाणी जोखतात. प्लेटोची उदाहरणं आणि आपले वाक्प्रचार इतके जुळावेत याचा मला मनापासून आनंद होतो.

यावर आलेली हरकत : 'मग न्यायीपणाला पाणी म्हणाल का?' नाही म्हणता येणार. 'पाणी'त तेज आणि धमक आहे. न्याय, संयम त्यात मावत नाहीत. अरेतेची चव कळायला तो शब्द उपयोगी, भाषांतरात वापरायला अपुरा. भाषांतरात मी नुसता 'गुण' वापरेन. औषधाचा गुण आला असं आपण म्हणतो तेव्हा औषध सदाचारी आहे असं म्हणत नाही; त्याने आपलं काम केलं एवढंच म्हणतो. 'सत्' हा उपसर्ग चिकटला की ही कामाची बाजू झाकली जाते.

'गुण'चा आणखी एक फायदा. प्लेटोच्या 'मेनो' या संवादाची सुरुवातच या प्रश्नाने होते की अरेते शिकवता येते, सरावाने येते, की निसर्गतःच मिळते? 'वाण नाही पण गुण लागला' ही म्हण ज्याच्या तोंडी आहे त्याला हा प्रश्न लगेच कळतो.

आता मूळ वाक्याकडे. चांभाराला जोडा कसा असावा हे ठाऊक असतं म्हणून तो चांगला शिवतो. सॉक्रेटिसच्या बोलण्यात असे कारागीर सतत येतात. त्याचं 'ज्ञान' कारागिराच्या जाणकारीजवळचं आहे, आणि माणूस म्हणून जगण्याचं काम नीट करायचं तर त्याचीही जाणकारी हवी, असा त्याचा रोख. तरीही प्रश्नकर्त्यांची शंका उरतेच, आणि ती ॲरिस्टॉटलचीही होती. कळूनही माणूस का घसरतो यावर त्याने 'निकोमाखियन एथिक्स'च्या सातव्या पुस्तकात सविस्तर लिहिलं आहे. त्याच्या मते स्वभावाचे गुण सवयीने घडतात. न्यायाची कामं करत गेलं की माणूस न्यायी होतो.

दुसरा प्रश्न : ग्रीक 'प्सुखे' म्हणजे आत्माच ना?

इथेही थांबावं लागेल. प्सुखेचा मूळ संबंध श्वासाशी, फुंकरीशी. होमरमध्ये माणूस मरतो तेव्हा ती त्याला सोडून जाते. आपल्या 'प्राण'चा धातूही श्वास घेण्याचाच. पण ॲरिस्टॉटल वनस्पतींनाही प्सुखे देतो, कारण त्या पोसल्या जातात आणि वाढतात. तो म्हणतो, डोळा हा प्राणी असता तर दृष्टी ही त्याची प्सुखे झाली असती. या वाक्यात 'आत्मा' घालून पाहा, नुसतं गूढ वाटेल. 'जीव' घाला : डोळ्याचा जीव म्हणजे दृष्टी. चटकन पोचतं.

प्लेटोचं काय, असंही विचारलं आहे. 'फीडो'त सॉक्रेटिस मरणाच्या दिवशी प्सुखेच्या अमरत्वाबद्दल बोलतो, तिथे 'आत्मा' जवळ येतो हे मान्य. पण 'फीड्रस'मधला रथ पाहा. आपल्याकडे कठोपनिषदात आत्मा रथी, बुद्धी सारथी, मन लगाम, इंद्रियं घोडे. प्लेटोच्या रथात सारथी आणि दोन पंखवाले घोडे, एक चांगल्या जातीचा, एक अवखळ, हे सगळं मिळून प्सुखे. आपला आत्मा घोड्यांपासून वेगळा. प्लेटोच्या प्सुखेत बेलगाम घोडाही आतलाच. दोन्हींना एकच शब्द वापरला तर हा फरक पुसला जातो. म्हणून मी प्लेटोसाठीही 'जीव' ठेवेन, आणि फक्त अमरत्वाच्या चर्चेत 'जीवात्मा' म्हणेन.

तिसरा ग्रीक शब्द 'ऊसिआ', म्हणजे एखाद्या गोष्टीचं मूळ असणं; त्याबद्दल थोडक्यात. तो 'असणे' या क्रियापदावरून आला, आपल्या 'सत्'चा चुलतभाऊ. 'सत्ता' चालणार नाही, मराठीत ती खुर्चीला चिकटली. तत्त्वज्ञानाच्या पुस्तकांत 'द्रव्य' वापरतात आणि तो मला आवडतो. धातू वेगळा असला तरी आपलं द्रव्य म्हणजे पदार्थाचं मूळ आणि पैसाही. ऊसिआचंही तसंच. 'रिपब्लिक'च्या पहिल्याच पुस्तकात म्हातारा केफॅलस आजोबांना वारशाने मिळालेल्या ऊसिआबद्दल बोलतो, म्हणजे मालमत्तेबद्दल. आणि सहाव्या पुस्तकात सॉक्रेटिस सांगतो की 'शिव', म्हणजे परम चांगलं, हे ऊसिआच्याही पलीकडे आहे.