जोडायचं की तोडायचं हे आधीच्या शब्दावर आहे
कोणीतरी म्हटलंय की कोरियन लिहिताना शब्दांमध्ये स्पेस कुठे द्यायची याला नियमच नाही, सगळं अंदाजाने. मला नाही पटत. प्रत्यय मागच्या शब्दाला चिकटतात, अगदी आपल्या 'घराला', 'घरासाठी'सारखे, म्हणजे अर्धं काम मराठी माणसाला आधीच येतं. खरी गोची एकच शब्द दोन कामं करतो तिथे होते. 'मानखुम' म्हणजे इतकं, तो नामासर्वनामानंतर आला की जोडून, 'नामानखुम' म्हणजे माझ्याइतकं, पण क्रियापदाच्या रूपानंतर आला की सुटा, 'मॉगुन मानखुम', खाल्लं तितकं. 'देरो' (प्रमाणे) आणि 'पुन' (फक्त) पण असेच वागतात. मी आधी नुसत्या याद्या पाठ करत होते, मग आधीचा शब्द नाम आहे की क्रियापद एवढंच बघायला लागले आणि निबंधातल्या लाल खुणा खरंच खूप कमी झाल्या.