'बर्फाचे प्रमाण' म्हणजे नेमके काय?

विचारणा:
डोंगराळ पाणलोटात साठलेला बर्फ वितळून नदीला किती पाणी येईल, याचा अंदाज उपग्रहाच्या नोंदींवरून कसा बांधतात, यावरचा एक लेख मराठीत आणतो आहे. 'स्नो कव्हर', 'स्नो डेप्थ' आणि 'स्नो वॉटर इक्विव्हॅलंट' या तिन्हींसाठी 'बर्फाचे प्रमाण' एवढ्यावर भागेल का? आणि 'रनऑफ'ला काय म्हणावे?

प्रतिसाद:
नाही भागणार. पहिले क्षेत्रफळ आहे, दुसरी जाडी आणि तिसरे पाणी. 'प्रमाण' म्हटले की वाचक आपल्या सोयीचा अर्थ घेतो, आणि इथे सोयीचा अर्थ हमखास चुकीचा निघतो.

ताजा, भुसभुशीत हिम घनमीटरला साधारण १०० किलो भरतो. तो १ मीटर साठला तरी वितळल्यावर १०० मिलिमीटरच पाणी. वसंतातला दबून घट्ट झालेला थर ४०० किलोपर्यंत जातो. त्याचे ४० सेंटिमीटर म्हणजे १६० मिलिमीटर पाणी. जाडी निम्म्याहून कमी, पाणी दीडपटीहून जास्त! म्हणून मी 'हिमव्याप्ती', 'हिमजाडी' आणि 'हिमजलमान' असे तीन वेगळे शब्द सुचवेन. 'तुल्यांक' वगैरे नको, जीभ अडखळते.

दुसरा प्रतिसाद:
'हिमव्याप्ती'ला माझे मत. उपग्रहाला सगळ्यात चांगले तेच दिसते. हिम दृश्य प्रकाश भरपूर परावर्तित करतो, पण लघुतरंग अवरक्त किरण शोषतो. ढग बहुधा दोन्ही परावर्तित करतात. या फरकावरच हिम-निर्देशांक उभा आहे. 'टेरा' उपग्रहावरचा 'मोडिस' हा संवेदक २००० सालापासून अशी व्याप्ती ५०० मीटरच्या चौकटींत टिपू लागला. मात्र ढग आडवा आला की खालचे काहीच दिसत नाही, आणि डोंगरात ढगांना तोटा नाही.

हिमजलमान मोजणे मात्र अवघड. सूक्ष्मतरंग (मायक्रोवेव्ह) ढगांतून पार जातात, पण उपग्रहावरच्या निष्क्रिय, म्हणजे स्वतः लहरी न सोडता जमिनीकडून येणाऱ्याच टिपणाऱ्या, संवेदकाची चौकट कैक किलोमीटरांची. एका चौकटीत शिखरही येते आणि दरीही! शिवाय हिम ओला झाला की संकेत बिघडतो, म्हणजे वितळायला लागल्यावर, ऐन गरजेच्या वेळी.

विचारणाकर्ता:
मग व्याप्तीवरून पाणी कसे काढतात? लेखात 'डिग्री-डे' आहे.

पहिला प्रतिसादक:
'अंश-दिवस' म्हणा, सरळ आहे. जलशास्त्रज्ञ मार्टिनेक यांनी १९७५ मध्ये मांडलेले हिमवितळ-अपधाव प्रतिमान ('स्नोमेल्ट रनऑफ मॉडेल') याच हिशेबावर चालते. समजा दिवसाचे सरासरी तापमान ५ अंश आणि गुणांक, म्हणजे शून्यावरच्या दर अंशाला दिवसात होणारी वितळ, ४ मिलिमीटर. वितळ झाली २० मिलिमीटर. पाणलोट १०० चौरस किलोमीटर, हिमव्याप्ती ६० टक्के. पाणी १२ लाख घनमीटर, म्हणजे दिवसभर सरासरी सेकंदाला सुमारे १४ घनमीटर. त्यातून जमिनीत मुरणारे आणि बाष्प होणारे वजा करायचे, आणि उरलेलेही एका दिवसात नदीपर्यंत पोचत नाही. शिवाय हा हिशेब उंचीच्या पट्ट्यांत वेगवेगळा करावा लागतो, कारण १०० मीटर चढले की तापमान साधारण ०.६५ अंशाने उतरते. पायथ्याचे एकच तापमान सगळीकडे लावले तर शिखरावरचा हिमही कागदावर वितळून जाईल.

'रनऑफ'ला 'अपधाव' रुळलेला आहे, मृदसंधारणाच्या पुस्तकांत तोच सापडतो.

तिसरा प्रतिसाद:
'अपधाव' नको हो! वाचकाला शब्दकोश काढावा लागेल. 'विसर्ग' का नाही? धरणांच्या बातम्यांमुळे तो घरोघरी पोचला आहे. (व्याकरणातले दोन टिंबांचे विसर्ग इथे कोणाला आठवणार नाहीत.)

दुसरा प्रतिसादक:
दोन्ही ठेवा, जागा वेगळ्या. उतारावरून ओढ्याकडे धावणारे पाणी तो अपधाव. नदीच्या एका ठिकाणाहून सेकंदाला जाणारे पाणी तो विसर्ग. विसर्गात जमिनीतून हळूहळू पाझरून आलेले पाणीही असते, म्हणून हिम संपल्यावरही नदी लगेच आटत नाही. मोजणी केंद्रावर विसर्गच मोजतात आणि प्रतिमानाचे उत्तर त्याच्याशीच ताडून पाहतात. तेवढे 'धरणातून सोडलेले पाणी' हे बातम्यांनी चिकटवलेले ओझे पहिल्या उल्लेखात उतरवा.

विचारणाकर्ता:
ठीक, 'प्रमाण' काढून टाकतो. 'स्नोलाइन'ला 'हिमरेषा' ठेवतो. त्यावर कोणाची हरकत?

पहिला प्रतिसादक:
हरकत नाही. फक्त ती ऋतूप्रमाणे वर-खाली सरकते हे एका वाक्यात येऊ द्या, नाहीतर वाचक ती नकाशावरची पक्की रेघ समजेल.