अनुभव धागा: नव्या टर्बो गाडीत पहिले बदल कोणते करावे?

धागाकर्ता, वर्धा

टर्बो (इंजिनात हवा दाबून भरणारा पंखा) लावलेल्या पेट्रोल गाड्या आता तालुक्याच्या गावांतही सर्रास दिसतात. गाडी घेऊन महिना होत नाही तोच रील पाहून रिमॅप (इंजिनच्या संगणकातला तक्ता बदलणं), ब्लो-ऑफ व्हॉल्व्ह (टर्बोची जादा हवा बाहेर सोडणारी झडप), मोठा सायलेन्सर सुरू होतं. गाडीचं रनिंग-इन (सुरुवातीचे जपून चालवायचे किलोमीटर) संपलंय, पहिली सर्व्हिस झालीय, वॉरंटी टिकवायची आहे, अशा माणसानं पहिले पैसे कशावर घालावेत ते लिहा. 'लय भारी वाटते' एवढ्यावर भागणार नाही, आकडे द्या. उन्हाळ्यातले ४५ अंश, पांदणीतला चिखल आणि गावच्या पंपावरचं पेट्रोल धरून लिहा.

काळीमाती, दर्यापूर

टायर. टर्बोचा सगळा टॉर्क (चाक फिरवणारा जोर) १,५०० ते १,८०० आरपीएमला एकदम येतो. कंपनीचे टायर मायलेजसाठी निवडलेले असतात, ते ओल्या रस्त्यावर दुसऱ्या गिअरमध्येच जागच्या जागी घसरून फिरतात आणि मग ट्रॅक्शन कंट्रोल इंजिनची ताकद कापतं. आहे तीच ताकद रस्त्यावर उतरत नाही, तर आणखी चढवून करता काय?

रिम तीच ठेवा, रुंदी एक पायरी वाढवा. २०५/५५ आर१६ या टायरचा व्यास सुमारे ६३२ मिमी, २१५/५५ आर१६ चा ६४३. फरक १.७ टक्के. १८५/६५ आर१५ वरून १९५/६५ आर१५ वर गेलात तर २.१ टक्के. दोन टक्क्यांच्या आसपास राहिलात की मीटर आणि एबीएस कुरकुर करत नाहीत. मागं तीन माणसं बसवून स्टिअरिंग दोन्ही बाजूंना पूर्ण वळवा आणि टायर आतल्या प्लॅस्टिकला घासतो का ते बघा. लोड इंडेक्स (टायर किती वजन पेलतो तो आकडा) मूळ टायरपेक्षा कमी घेऊ नका. मोठी रिम आणि बारीक भिंतीचा टायर ही जोडी आपल्या खड्ड्यांत टिकत नाही. रिम वाकते, नाहीतर भिंतीला फुगा येतो, आणि फुगा आलेला टायर दुरुस्त होत नाही.

हवा सकाळी, टायर थंड असताना भरा. मे महिन्यात दुपारी धावलेल्या टायरमध्ये ४-५ पीएसआय जास्त दिसेल. ती काढू नका, नाहीतर रात्री टायर कमी हवेवर पळतो आणि जास्त तापतो.

आता काळ्या मातीचं. पांदणीतून बाहेर आलं की चिखल रिमच्या आतल्या बाजूला बसतो आणि वाळला की दगड होतो. मग ८०-९० च्या वेगाला स्टिअरिंग थरथरतं आणि माणूस अलाइनमेंटचे पैसे भरून येतो. पाना-पेचकसानं खरवडू नका, बॅलन्सिंगची वजनं निघून येतात. पाणी मारून दहा मिनिटं भिजू द्या, मग आतून प्रेशरनं धुवा. तरी थरथर राहिली तरच बॅलन्सिंगला न्या.

कोळसापट्टा, वणी

टायरचं मान्य, पण आमच्या वणी-घुग्घुस पट्ट्यात पहिला प्रश्न हवेचा. कोळशाची भुकटी फिल्टर बुजवते आणि गिट्टी-मुरमाची धूळ त्याहून वाईट, कारण ती कठीण असते. छोट्या टर्बोचं चाक मिनिटाला दोन लाखांच्या आसपास फेरे घेतं. त्या वेगाला बारीक कणही पात्याची कड खातात, आणि पुढे सिलिंडरच्या भिंती घासल्या जातात ते वेगळंच.

म्हणून धुऊन परत वापरायचा तेलाचा कॉटन फिल्टर इथं घेऊ नका. त्यातून हवा थोडी मोकळी जाते हे खरं, पण बारीक धूळही जास्त जाते. वर त्याला तेल जास्त लागलं तर ते एअरफ्लो सेन्सरच्या (आत जाणारी हवा मोजणाऱ्या) तारेवर बसतं आणि सेन्सर हवा कमी मोजतो. काही टर्बो गाड्यांत हा सेन्सर नसतो, नुसता मॅनिफोल्ड प्रेशर सेन्सर (इंजिनात शिरणाऱ्या हवेचा दाब मोजणारा) असतो. त्यांची ही कटकट वाचते, धुळीची नाही.

कंपनीचा कागदी फिल्टरच ठेवा. दर ५,००० किमीला उघडून पाहा, १०,००० ला बदला. फिल्टर काढल्यावर बॉक्सच्या इंजिनाकडच्या बाजूला आतून पांढरं फडकं फिरवा. फडक्यावर काळं-करडं आलं तर फिल्टर नीट बसलेला नाही, रबराच्या कडेतून धूळ जातेय. कॉम्प्रेसरची हवा कागदावर जवळून मारू नका. कागद फाटतो आणि ती चीर डोळ्याला दिसत नाही.

बॉनेटखालचा उघडा शंकूसारखा फिल्टर म्हणजे निव्वळ आवाज. तो इंजिनची गरम हवा ओढतो. आत जाणारी हवा १० अंशांनी तापली की तिची घनता सुमारे ३ टक्क्यांनी घटते. टर्बो तेवढा जास्त राबतो आणि ईसीयू (इंजिनचा संगणक) इग्निशन मागं घेतो, म्हणजे ठिणगी उशिरा टाकतो. शिवाय नाल्याला पाणी असताना तो फिल्टर किती उंचीवर आहे तेही मोजून घ्या.

रुईपट्टा, हिंगणघाट

आमच्याकडे नोव्हेंबर ते फेब्रुवारी कापसाच्या गाड्या जिनिंगला जात असतात. रुईचे तंतू उडून बंपरच्या खालच्या जाळीतून इंटरकूलरवर (टर्बोतून आलेली गरम हवा थंड करणाऱ्या जाळीवर) बसतात. त्यावर रात्रीचे किडे, त्यावर धूळ. खालून टॉर्च मारली तर करडा नमदा दिसतो. गाडीवाला म्हणतो पिकअप गेला, मेकॅनिक म्हणतो फ्युएल फिल्टर बदला.

साफ करायची पद्धत अशी. इंजिन पूर्ण थंड. आधी मऊ ब्रशनं पात्यांच्या दिशेनंच तंतू ओढून काढा, आडवा ब्रश फिरवू नका. मग नळाच्या साध्या धारेनं, जमलं तर मागून पुढे पाणी सोडा, म्हणजे कचरा आला त्याच वाटेनं जातो. वॉशिंग सेंटरचा प्रेशर गन जवळून मारला की ॲल्युमिनियमची पाती दुमडतात आणि तो भाग कायमचा बंद. डासांची जाळी बांधून कापूस अडवायचा जुगाडही करू नका, ती हवाही अडवते.

फोक्सवॅगन-स्कोडाच्या १.० टीएसआयमध्ये इंटरकूलर पाण्यानं थंड होतो. तिथं पुढच्या रेडिएटरची सफाई आणि कूलंटची पातळी या दोनच गोष्टी बघायच्या. कूलंट कमी दिसलं म्हणून बोअरचं पाणी ओतू नका. आपल्याकडचं खारं पाणी आत थर धरतं. पुस्तिकेत लिहिलेलं कूलंट आणि डिस्टिल्ड वॉटर, बस.

मोठा इंटरकूलर पहिल्या यादीत नको. कंपनीच्या मूळ मॅपवर (ईसीयूतल्या तक्त्यावर) त्याचा फायदा सलग जोरात पळवतानाच दिसतो, आणि आतली जागा वाढल्यानं बूस्ट (टर्बोचा वाढीव दाब) भरायला किंचित उशीर लागतो.

समृद्धीकाठ, मेहकर

दोन गोष्टी सांगतो, दोन्ही स्वस्त.

पहिली तेल. ज्या गाडीला १०,००० किंवा १५,००० किमीचा इंटरव्हल दिलाय, तिचं तेल ७,५०० किमी किंवा सहा महिन्यांनी बदला. ग्रेड पुस्तिकेतलाच. 'ऊन लय आहे, २०डब्ल्यू-५० टाका' हा दाट तेलाचा सल्ला जुन्या जीपसाठी ठीक होता. टर्बोच्या बेअरिंगला सकाळी तेल लवकर पोचावं लागतं, दाट तेल उशिरा पोचतं. डायरेक्ट इंजेक्शन (पेट्रोल थेट सिलिंडरमध्ये सोडणारं) असेल तर डब्यावर एपीआय एसपी हा तेलाचा दर्जा बघा, सोबत कंपनीनं सांगितलेला स्वतःचा स्टँडर्ड असेल तर तोही. कमी आरपीएमला जास्त लोड दिला की मिश्रण वेळेआधी पेटून पिस्टन फुटण्याचा धोका असतो आणि एसपी दर्जात त्याची चाचणी आहे. म्हणून तेल कितीही चांगलं असलं तरी पाचव्या गिअरमध्ये १,३०० आरपीएमवर पाय पूर्ण दाबू नका. एक गिअर खाली घ्या.

समृद्धीवर १२० ची मर्यादा आहे आणि तासभर तोच वेग राहतो. इंटरचेंजला उतरून पंपावर थांबलं की लगेच चावी फिरवू नका. टर्बोच्या बेअरिंगमध्ये उभं राहिलेलं तेल जळून त्याचा कोळसा होतो. शेवटचे दोन किलोमीटर हळू चालवा आणि ३० ते ६० सेकंद आयडल ठेवा. ऑटो स्टार्ट-स्टॉप असेल तर तेवढ्या वेळेपुरतं बटण दाबून बंद करा. गावात चाळीसच्या वेगानं घरी आलात तर याची गरज नाही, आणि टर्बो टायमर (चावी काढल्यावरही इंजिन थोडा वेळ चालू ठेवणारा) घ्यायचीही नाही.

दुसरी गोष्ट ओबीडी डोंगल, म्हणजे गाडीच्या तपासणीच्या सॉकेटमध्ये लावून ईसीयूचे आकडे मोबाइलवर दाखवणारी वस्तू. काहीही बदलायच्या आधी हे घ्या. मोबाइलवर चार आकडे बघायचे: इनटेकचं तापमान, कूलंटचं तापमान, मॅनिफोल्ड प्रेशर आणि लाँग टर्म फ्युएल ट्रिम (ईसीयू पेट्रोल किती टक्के वाढवतो-घटवतो तो आकडा). इंजिन बंद, चावी चालू असताना प्रेशर आपल्या सपाटीवर ९७-९८ केपीए (किलोपास्कल) दिसायला हवा. पूर्ण पाय दाबल्यावर जो आकडा येईल त्यातून हा वजा केला की खरा बूस्ट. ट्रिम अधिक-उणे ५ च्या आत चांगला. तो हळूहळू अधिक १० कडे सरकला तर कुठून तरी न मोजलेली हवा आत जातेय किंवा पेट्रोल कमी पडतंय. हायवेवर इनटेकचं तापमान बाहेरच्यापेक्षा १५-२० अंश जास्त असणं ठीक. त्यापुढे गेलं तर हिंगणघाटच्या भाऊंनी लिहिलंय तिकडे टॉर्च मारा. मोकळ्या रस्त्यावर तिसऱ्या गिअरमध्ये २,००० पासून ओढ घेऊन हे आकडे साठवून ठेवा, पुढच्या प्रत्येक बदलाची तुलना यांच्याशीच. गाडी उभी करताना डोंगल काढून ठेवा, बॅटरी खातो.

घाटवळण, परतवाडा

आता ज्याची सगळे वाट पाहताहेत ते. तीन वेगळ्या वस्तू आहेत आणि दुकानदार त्यांची सरमिसळ करतात.

पेडल कंट्रोलर ॲक्सिलरेटर पेडलच्या कनेक्टरमध्ये बसतो. तो ताकद वाढवत नाही, पाय २० टक्के दाबला तर ईसीयूला ४० सांगतो. टर्बो लॅग (पाय दाबल्यावर जोर यायला लागणारा उशीर) त्यानं जात नाही, फक्त झोपाळू पेडल जागं होतं. काढायला दोन मिनिटं. चिखलात आणि गर्दीत मूळ सेटिंगवर ठेवा, नाहीतर गाडी हिसके देते.

ट्यूनिंग बॉक्स बूस्ट सेन्सरचा आकडा कमी करून दाखवतो, म्हणून ईसीयू बूस्ट वाढवतो. अडचण ही की ईसीयूला खरी परिस्थिती कळतच नाही. गार हवेत ठीक चालतं, एप्रिलच्या दुपारी नॉकिंग (मिश्रण अवेळी पेटून बसणारे ठोके) सुरू होतं.

रिमॅपमध्ये ईसीयूचाच तक्ता बदलतो. करायचाच तर गावच्या पंपावरच्या साध्या ई२० पेट्रोलवर लिहिलेला मॅप मागा. ९७ किंवा १०० ऑक्टेनवर बेतलेला मॅप घेऊन धारणी-चिखलदऱ्याकडे निघालात तर वाटेत ते पेट्रोल मिळणार कुठं? नॉक सेन्सर इग्निशन मागं ओढेल आणि पैसे दिलेली ताकद तिथंच जाईल. आणि गिअरबॉक्सची क्षमता आधी विचारा. सात गिअरच्या कोरड्या क्लचच्या डीएसजीची (फोक्सवॅगन-स्कोडाच्या दोन क्लचच्या ऑटोमॅटिक गिअरबॉक्सची) मर्यादा २५० न्यूटन मीटर आहे, आणि १.५ टीएसआय इंजिन मूळचंच २५० देतं. तिथं वाढवायला जागाच नाही. मॅन्युअलमध्ये सगळ्यात आधी क्लच घसरतो. चौथ्या गिअरमध्ये चढावर पाय दाबला की आरपीएम चढतो, वेग नाही, तेव्हा समजायचं. 'सर्व्हिसच्या आधी मूळ फाइल टाकून देऊ' या बोलण्यावरही विसंबू नका, बऱ्याच ईसीयूत फेरबदलाची खूण राहते.

चिखलदऱ्याला, ११०० मीटरवर, हवेचा दाब ८९ केपीएच्या आसपास येतो. टर्बो नसलेली गाडी तिथं दहावा हिस्सा ताकद गमावते, टर्बो गाडी बरीचशी भरून काढते. घाटासाठी म्हणून रिमॅप करायची गरज बहुतेकांना नसते. घाट उतरताना मात्र ब्रेक फ्लुइडची परीक्षा होते. डॉट ३ चा कोरडा उत्कलनबिंदू किमान २०५ अंश, डॉट ४ चा २३०. पाणी शोषल्यावर तेच १४० आणि १५५. दर दोन वर्षांनी बदला. नवे पॅड टाकले तर ६० वरून १० पर्यंत आठ-दहा वेळा मध्यम दाबानं वेग उतरवा, पूर्ण थांबू नका, मग थंड होऊ द्या.

कोळसापट्टा, वणी

परतवाडा, ऑइल कॅच कॅनबद्दल (इंजिनातली तेलाची वाफ अडवणाऱ्या डब्याबद्दल) लिहा ना. डायरेक्ट इंजेक्शनमध्ये व्हॉल्व्हवर पेट्रोल पडत नाही, तेलाची वाफ तिथं जमून कार्बन होतो हे बरोबर आहे, पण आपल्याकडे बसवलेले निम्मे डबे रिकामे खोकेच असतात. आत जाळी नसेल तर वाफ सरळ निघून जाते.

घाटवळण, परतवाडा

हाओ. आत स्टीलची जाळी आणि पडदा असलेलाच घ्या, तेलाला चालणारे होज वापरा आणि १,५००-२,००० किमीला रिकामा करा. वरून छोटा फिल्टर लावून हवेत सोडणारा डबा नको, त्यानं क्रँककेसच्या (इंजिनच्या खालच्या भागाच्या) वाफेचं बंद चक्र तुटतं, ट्रिम बिघडतो आणि चेक इंजिन लागतो. डबा भरून विसरलात तर साठलेलं तेल एकदम इंजिनात ओढलं जातं. नियमित रिकामा करणं होणार नसेल तर बसवूच नका. ब्लो-ऑफ व्हॉल्व्हचंही तेच. एअरफ्लो सेन्सरच्या गाडीत मोजलेली हवा बाहेर फेकली की मिश्रण दाट होतं.

धानपट्टा, मूल

राजेहो, रोही (नीलगाय) आणि रानडुकराच्या भीतीनं पुढं लोखंडी गार्ड लावणाऱ्यांसाठी. डिसेंबर २०१७ मध्ये केंद्राच्या रस्ते वाहतूक मंत्रालयानं राज्यांना अशा गार्डवर (बुल बारवर) कारवाई करायला सांगितलं आहे. गार्ड धक्का थेट चेसिसला देतो, एअरबॅग उघडायची वेळ बिघडू शकते, आणि इंटरकूलरसमोरची हवा अडते. त्यापेक्षा हेडलाइटचा नेम भिंतीवर नीट लावून घ्या आणि रात्री जंगलात वेग साठच्या आत ठेवा. ताकदीचे बदल मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ मध्ये येतात, आणि १८२-ए (४) प्रमाणे एका बदलाला ५,००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. अपघाताच्या क्लेमला विमा कंपनीही हाच मुद्दा काढते.

खालचा इंजिन गार्ड चांगला, पण छिद्रं असलेला आणि तेल काढायच्या नटाखाली खिडकी ठेवलेला. त्यात चिखल साठून वाळला तर इंजिनची उष्णता अडते, पावसाळ्यात महिन्याला उघडून धुवा.

आणि उंदीर. गाडी तणसाच्या ढिगाजवळ उभी राहिली की व्हॅक्यूमची बारीक नळी पहिली जाते. लक्षण: पाय दाबला की फुस्स आवाज, बूस्ट कमी, ट्रिम वर. सगळ्या क्लॅम्पना हात लावून बघा. तरी सापडलं नाही तर हवेची वाट फिल्टरच्या बाजूनं बंद करून ०.७ बार हवा भरायची आणि साबणाचं पाणी मारायचं. बुडबुडा जिथं तिथं गळती. त्याहून जास्त हवा भरू नका, सील उलटतात.

धागाकर्ता, वर्धा

प्लगचं राहिलं. इरिडियमचे थंड प्लग (उष्णता लवकर बाहेर टाकणारे स्पार्क प्लग) बसवू का, असं दोघांनी विचारलंय.

घाटवळण, परतवाडा

मूळ मॅपवर नको. थंड प्लग छोट्या फेऱ्यांत काळा पडतो आणि सकाळी गाडी अडखळते. कंपनीचाच नंबर, गॅप बहुतेक टर्बोंत ०.७ ते ०.८ मिमी, रिमॅपनंतर ०.६५-०.७. इरिडियमचं टोक गोल नाण्यासारख्या गेजनं रेटू नका, तुटतं. तारेचा गेज घ्या. इंजिन थंड असताना काढा, आधी प्लग बसतो त्या खोल भोकात हवा मारून धूळ उडवा, नाहीतर ती सरळ सिलिंडरमध्ये. नवा प्लग हातानं आट्यात बसवा, शेवट टॉर्क रेंचनं, १२ मिमीच्या प्लगला साधारण १५-२० न्यूटन मीटर. आट्याला ग्रीस लावू नका, त्याच आकड्याला प्लग जास्त आवळला जातो आणि ॲल्युमिनियमचा आटा निघून येतो.